'आ' म्हणा, आणि मग 'पोट' म्हणा

आवाज बसला की आपण हळद-दूध घेतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो. महिनाभर बसलेला आवाज मात्र डॉक्टरांकडे जातो. दुर्बिणीतून स्वरतंतू पाहून झाले की पुष्कळ ठिकाणी रुग्णाला मायक्रोफोनसमोर लांब 'आ' म्हणायला लावतात, आणि संगणक त्या 'आ'ची चिरफाड करतो. पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा कंप पावतात, स्त्रीचे २००च्या आसपास. एका कंपाचा काळ पुढच्याशी किती जुळत नाही, त्याचे माप जिटर. जोरातल्या चढउताराचे माप शिमर.

आकडा छापून आला की माणूस निर्धास्त होतो. बँकेत हयात घालवल्यामुळे हा दरारा मला ठाऊक आहे. ताळेबंद जुळला म्हणजे खातेदार खूश, असे आम्ही खुशाल धरून चालत असू. पण घरच्यांचा प्रश्न वेगळाच असतो. यांचे बोलणे आम्हाला कळेल का? घोगऱ्या आवाजाचा माणूस शब्द स्वच्छ बोलू शकतो. उलट, आवाज फारच बिघडला तर कंपांत नियमितपणाच उरत नाही आणि जिटरचा आकडा भरवशाचा राहत नाही, असा इशारा इंगो टिट्झे यांनी १९९५ मध्येच दिला होता. अलीकडची 'सेप्स्ट्रल' मापे सलग वाक्यांवर चालतात, ती त्या मानाने बरी. पण तीही आवाजच मोजतात, समोरच्याला काय कळले ते नव्हे.

कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागलेल्यांचे पाहा. ते अन्ननलिकेच्या वरच्या भागातून आवाज काढायला शिकतात. हा नवा आवाज क्षणात सुरू आणि क्षणात बंद करणे कठीण. मराठीत तर 'पोट' आणि 'बोट', 'तार' आणि 'दार' यांतला फरक मुख्यतः स्वरतंतूंच्या कंपाचाच. रुग्ण 'पोट दुखतंय' म्हणतो आणि घरचे बोट पाहत बसतात! लांब 'आ'मध्ये ही अडचण दिसणार कशी?

तेव्हा अशा जोड्यांचे वीस शब्द रुग्णाकडून वाचून घ्यावेत आणि अनोळखी माणसाला ऐकू आले तसे लिहायला सांगावे. बायकोला बसवू नये. तिला सगळेच कळते. एकदा शांत खोलीत, एकदा पंखा लावून, एकदा फोनवर. याला वही-पेन्सिल पुरते. मग जिटर-शिमरच्या रकान्यांशेजारी वीसपैकी किती शब्द कळले, तेही लिहून द्या म्हणून डॉक्टरांना सांगायला संकोच कसला?