भिजलेल्या माळा आणि चंद्याचा पैसा

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, हे आपण सर्व जाणतो. या हिशेबाचा संबंध विजेच्या तारेशीही आहे, इकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ईद-ए-मिलाद २०२३ साली २८ सप्टेंबरला आली, २०२४ साली १६ सप्टेंबरला आणि २०२५ साली ५ सप्टेंबरला. चंद्रदर्शनाचा एखादा दिवस इकडेतिकडे धरला तरी २०२६ ची तारीख ऑगस्टच्या अखेरीस आणि २०२७ ची ऑगस्टच्या मध्यावर येते. सिंहस्थाची गर्दीही त्याच ऑगस्टमध्ये. म्हणजे २०३० पर्यंत आणि त्यापुढेही दोनेक वर्षे चौक मंडई, बागवानपुरा, दूधबाजार येथील रोषणाई ऐन पावसात होणार. गणेश मंडळांचे हे दुखणे जुनेच आहे. दिवाळीला मेन रोडवर माळा लागतात त्या बहुधा कोरड्या हवेत. आपण मात्र पावसातले काम दिवाळीच्या पद्धतीने करीत आहोत.

जुन्या नाशकातील गल्ल्या अरुंद. माळ एका सज्जावरून दुसऱ्या सज्जावर जाते आणि पागोळ्यांचे पाणी थेट तिच्या जोडावर पडते. दोन दिवसांत निम्म्या माळा बंद. मग ठेकेदार काय करतो? बंद माळेवरच नवी माळ चढवितो आणि बिलात लावतो. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतील कमानीवर असे तीन थर चढले. बिघाड शोधण्याचे नाव कोणी काढले नाही. आम्ही कापडवाले थानात डाग निघाला तर थान उलगडून डाग शोधतो, सबंध गठडी फेकून देत नाही. चंद्याचा पैसा हा अमानत आहे. त्याला हाच नियम का लावू नये?

बिघाड शोधणे फार कठीण नाही. माळेतील दिवे एकामागे एक जोडलेले असतात. पूर्वीचा छोटा बल्ब ६ व्होल्टचा, म्हणून २३० व्होल्टला अडतीस-चाळीस बल्बांची एक ओळ होई आणि एक बल्ब गेला की सगळी ओळ अंधारात. एलईडीच्या माळेतही अशाच ओळी असतात. तेव्हा माळेचा एकच तुकडा बंद असेल तर दोष त्या तुकड्यात आहे. सगळी माळ बंद असेल तर आधी प्लग, डबी आणि पहिला जोड पाहावा. अनेक माळा एकाच मुख्य तारेवर असतील तर मधोमध तोडून अर्धा भाग तपासावा, मग त्याचा अर्धा. चार-पाच खेपांत दोषाची जागा सापडते. मात्र हात लावण्यापूर्वी प्लग उपसून काढावा. बटण बंद केले म्हणजे तार मेली असे नव्हे. बटण न्यूट्रलवर बसविलेले असेल तर तार जिवंतच राहते. पेचकसाच्या टेस्टरवरही भरवसा नको. त्याचा दिवा लागला म्हणजे परतीची तार शाबूत आहे, असे सिद्ध होत नाही. साधा मीटर घ्यावा.

त्याहून आधी डोळ्यांनी पाहावे. दोरी घासते ती जागा, उंच ट्रकने ओढलेली तार, घोडा टेकविला होता ती जागा, आणि चिकटपट्टी गुंडाळलेला प्रत्येक जोड. पट्टी सोडल्यावर आतील तांबे हिरवे पडलेले दिसले तर पाणी आत गेले आहे, असे समजावे. तेवढा भाग कापून नव्याने जोडावा, पाणबंद डबीत घ्यावा आणि जोडाच्या आधी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकते, जोडात शिरत नाही. नवी माळ घेताना खोक्यावर आयपी ६५ लिहिले आहे का, ते वाचावे. घरातली माळ उघड्यावर लावणे म्हणजे मलमलीचा रेनकोट शिवणे.

खरी धास्ती वेगळी आहे. पाऊस आला की गळतीचा स्विच, म्हणजे आरसीसीबी, पडतो. जुलूस निघायच्या वेळी तो तीनदा पडला की कोणीतरी शहाणा त्याला बाजूला करून सरळ तार जोडतो आणि लोक त्याची पाठ थोपटतात! एमसीबी पडला तर शॉर्ट आहे किंवा बोजा जास्त आहे. आरसीसीबी पडला तर वीज जमिनीकडे वाहत आहे, कदाचित लोखंडी कमानीतून, जिला लहान मुले टेकून उभी असतात. हा स्विच ३० मिलिअँपियरच्या गळतीला पडतो, तो माणसाचा जीव वाचावा म्हणूनच. त्याला बाजूला करणाऱ्याचे कौतुक नको, त्याला तिथल्या तिथे थांबविले पाहिजे. ऊन पडल्यावर स्विच टिकला म्हणून दोष गेला असेही नाही; जोड सुकला, एवढेच.

कापडाबद्दल दोन शब्द माझ्या धंद्यातले. कमानीला हल्ली सर्रास पॉलिएस्टर गुंडाळतात, कारण स्वस्त आणि चमकदार. सुती कापड जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटते. ५०० वॅटचा हॅलोजन त्याला खेटून लावणे हा वेडेपणा आहे. चमकीच्या झिरमिळ्यांवर धातूचा थर असतो, त्या उघड्या जोडापासून दूरच ठेवाव्यात.

उपाय खर्चिक नाही. महावितरण दरवर्षी उत्सवांसाठी अधिकृत तात्पुरती जोडणी घेण्याचे आवाहन करते. ती घ्यावी, शेजारच्या मीटरवरून तार ओढू नये. सातपूरच्या आयटीआयमध्ये वायरमन, इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेतलेली मुले आपल्या मोहल्ल्यात आहेत. परवानाधारक वायरमनच्या हाताखाली त्यांना या कामाला लावावे आणि रोजंदारी द्यावी, फुकट राबवू नये. ठेकेदाराशी बोलताना दर प्रतिमाळ न ठरविता 'माळ शेवटच्या रात्रीपर्यंत चालू' या अटीवर ठरवावा. मग तो स्वतःच जोड नीट करील.

आणि उत्सव संपल्यावर माळा ओढून गोणीत कोंबू नयेत. पुठ्ठ्यावर गुंडाळून, पूर्ण वाळवून पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. गोदामात थानाला लागलेला उंदीर दुसऱ्या दिवशी कळतो, माळेला लागलेला वर्षभराने, आणि तोही माळ वर चढल्यावर.