सरहद्दीवरील सावधानता

मे 1999 च्या प्रारंभी, बटालिकच्या डोंगररांगांत हरवलेला याक शोधीत फिरणाऱ्या ताशी नामग्याल या गुराख्याला दुर्बिणीतून जे परके लोक दिसले, ते त्या मुलखाच्या रक्षणार्थ तैनात असलेल्या यंत्रणेला तोवर दिसले नव्हते, ही गोष्ट आजही मनाला बोचल्याशिवाय राहत नाही. हिवाळ्यात उंचावरील काही ठाणी रिकामी करण्याचा रिवाज होता, आणि अशा ऋतूत तेथे मोठी घुसखोरी संभवत नाही, असे गृहीत धरले गेले होते. पुढे त्या घुसखोरीतून उद्भवलेल्या कारगिल युद्धाचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने गुप्तवार्ता-संकलनातील उणिवा नोंदविल्या आणि उपग्रहांची व मानवरहित विमानांची आवश्यकता प्रतिपादिली. ते यथार्थच होते. परंतु बर्फावरील अनोळखी पाऊलखूण, नित्याच्या वाटेवरील अकस्मात शांतता किंवा मेंढपाळाच्या बोलण्यातील संकोच ज्याला तत्काळ खटकतो, असा शिपाई घडविणे हे, माझ्या मते, कोणत्याही यंत्राच्या खरेदीइतकेच निकडीचे आहे. अशा शिपायाने धाडलेली खबर, त्याचा हुद्दा न पाहता, वरिष्ठांनी त्याच दिवशी तपासावी, असा सक्त हुकूम सरहद्दीवरील प्रत्येक ठाण्यावर असलाच पाहिजे.