फोटोतल्या माणसांना नावे द्या!

यंदाच्या जयंतीला एकलहऱ्यात लागलेल्या एका फ्लेक्सवर तीसेक चेहरे होते. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव, नावाखाली पद. त्याच फ्लेक्सच्या कोपऱ्यात एक काळा-पांढरा फोटो होता आणि त्याखाली एवढेच शब्द : 'काळाराम मंदिर सत्याग्रह, १९३०'. शेजारी उभ्या असलेल्या एका आजीने बोट ठेवून विचारले, "यात आपल्या गावचं कोण हाय रे?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. भाषणे ठोकणारे आम्ही, एकाकडेही उत्तर नव्हते.

आजीचे सासरे भाकरी बांधून पायी नाशिकला गेले होते, एवढेच तिला ठाऊक. त्यांना पोलिसांनी धरले का, सोबत कोण होते, ते मंदिराच्या कोणत्या दरवाजावर बसले होते, हे सांगणारे आता घरात कोणी उरलेले नाही. फोटोत ते असतीलही. पण ओळखणार कोण?

मित्रहो, हा प्रश्न भावनेचा नाही, चळवळीचा आहे. २ मार्च १९३० ला नाशकात सुमारे पंधरा हजार माणसे जमली. सत्याग्रहाच्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, रथावरून संघर्ष पेटला आणि आपल्या माणसांवर दगड पडले. हे आकडे, या तारखा आपल्याला पाठ आहेत. पण त्या २५ स्त्रियांपैकी पाच जणींची नावे सांगा म्हटले, तर आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

राजगृहातला १९३४ चा कौटुंबिक फोटो आठवा. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव. पायाशी बसलेल्या कुत्र्याचेही नाव आपल्याला माहीत आहे, टॉबी. का माहीत आहे? कारण कुणीतरी ते वेळेवर लिहून ठेवले. आणि ज्या बायांनी डोक्यावर दगड झेलले त्या मात्र आपल्या लेखी नुसती 'गर्दी'! या देशातल्या जातिव्यवस्थेने आपल्या पूर्वजांना नाव असून नाव नाकारले. तेच काम आज आपला आळस करतो आहे.

काही जण म्हणतील, फोटोचे एवढे कशाला? आधीच आपल्यात व्यक्तिपूजा फार आहे. व्यक्तिपूजेबद्दल बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत इशारा दिला होता, हे खरेच. पण व्यक्तिपूजा एकाच चेहऱ्याला हार घालते. गर्दीतल्या प्रत्येकाला नाव देणे हा तर त्या पूजेवरचा उतारा आहे. लढा एकट्या नेत्याने नाही, आपल्या आजी-पणजीने लढला, हे त्यातून सिद्ध होते.

आणि हे काम अशक्य नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभे केले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी बाबासाहेबांची पत्रे जपली, म्हणून नाशिकचा लढा आतून कसा चालला ते आज आपल्याला वाचता येते. त्यांनी ती रद्दीत घातली असती तर?

एकलहऱ्याची गोष्ट तर आणखी वेगळी. इथे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले आणि त्यासोबत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून कामगार आले. येताना त्यांनी ट्रंकेतून आपापल्या गावचा इतिहास आणला. कुणाच्या अल्बममध्ये नागपूरची धम्मदीक्षा असेल, कुणाकडे नामांतराचा मोर्चा, कुणाकडे गावच्या पहिल्या जयंतीची मिरवणूक. माणूस निवृत्त झाला की क्वार्टर सुटते, सामान हलते आणि अल्बम भंगारवाल्याकडे जातो.

वेळ किती उरला आहे, तो हिशोब करा. १९३० च्या सत्याग्रहातले आज कोणी भेटणार नाही. १९५६ ला दहा वर्षांचे असलेले आज ऐंशीच्या घरात आहेत. दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ ला सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात विशीत तुरुंगात गेलेल्यांनी ऐंशी ओलांडली आहे. पुढची दहा वर्षे आपण झोपलो, तर विचारायला कोणी राहणार नाही.

म्हणून रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक तास काढा. घरातले जुने फोटो आणा आणि म्हाताऱ्या माणसांसमोर ठेवा. ते बोलतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. फोटोच्या मागे हलक्या हाताने पेन्सिलने लिहा : कोण, कुठले, केव्हा, कुणी ओळखले. दोघांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहा. अंदाज असेल तर 'अंदाज' असेच लिहा. खोटा इतिहास आपल्याला नको. बायांना 'अमक्याची बायको' म्हणून नको, त्यांच्या स्वतःच्या नावाने लिहा.

पुढच्या जयंतीच्या फ्लेक्सवर आपले तीस चेहरे थोडे लहान करू. जागा त्यांना देऊ, ज्यांच्यामुळे आपल्याला फ्लेक्सवर नाव लावता येते. आजीला तिच्या सासऱ्यांबद्दल कदाचित उत्तर मिळणार नाही. पण आणखी पन्नास वर्षांनी आजीच्या फोटोवर बोट ठेवून तिच्या नातीने विचारले, तर उत्तर तयार असले पाहिजे.

जय भीम!