उद्या किती ताटे?

खाणावळ चालविणाऱ्या कुटुंबापुढे रोज रात्री एकच प्रश्न उभा राहतो: उद्या किती ताटांचा स्वयंपाक करावा? अन्न कमी पडले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. उरले तर नफा उकिरड्यावर जातो. सुबत्तेच्या दिवसांत अशी चूक पचते. महागाई व बेकारीच्या दिवसांत मात्र तीच चूक मुलांच्या फीपर्यंत व नोकराच्या पगारापर्यंत जाऊन पोहोचते.

अंदाज बांधणे म्हणजे भविष्य वर्तविणे नव्हे. त्यास एक साधी वही पुरते. किती ताटे गेली, काय उरले, काय संपले आणि किती माणसे परत गेली, या चार गोष्टी रोज तीत लिहाव्यात. शेवटची नोंद पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. चाळीस ताटे संपून दहा माणसे परत गेली, तर विक्री चाळीस झाली खरी, परंतु मागणी पन्नास होती.

बुधवारची तुलना बुधवारशीच करावी. रविवार व बाजाराचा दिवस निराळे. समजा, गेल्या चार बुधवारी अनुक्रमे ६०, ५६, ४८ व ४४ ताटे गेली. सरासरी ५२ येते. परंतु धंदा उतरणीस लागला आहे, हे ती लपविते. जुन्या आकड्यापासून क्रमाने १, २, ३ व ४ पट महत्त्व दिल्यास उत्तर ४९ येते. तरीही हात राखून ४४ ताटेच शिजवावीत आणि आणखी पाचांचे ऐन वेळी रांधता येईल, अशी तयारी ठेवावी.

केवळ तारखेवरही विसंबू नये. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. त्यामुळे गतवर्षीची तीच तारीख यंदा उपवासकाळात पडू शकते, आणि त्या काळातील शुक्रवारी आपल्या लोकांत मांसाला गिऱ्हाईक नसते.

कधी सारी जुनी वहीच निरुपयोगी ठरते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी आली. अशा समयी गेल्या आठ दिवसांचेच आकडे पाहावेत, पदार्थ थोडे ठेवावेत व नाशवंत जिन्नस रोजच्या रोज आणावेत.

अंदाज व प्रत्यक्ष विक्री शेजारी शेजारी लिहावी. अंदाज चुकेल, परंतु तो कोणत्या बाजूस चुकतो, हे महिन्याभरात उमगेल. घरातील शाळकरी मुलाच्या हाती ही वही द्यावी. सरासरी तो शाळेत शिकलाच आहे. घरची चूल कशावर पेटते, तेही त्यास कळेल.