टांक्यांची वाटी

आमच्या कै. काकूंच्या शिवणाच्या डब्यांतील रेशमाचे उरलेसुरले धागे टाकवेनात, म्हणून त्यांची वाटी करावयास घेतली. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलाचें कापड पाण्यांत विरघळतें. त्याच्या दोन थरांत धागे पसरून यंत्रानें शिवण घालावयाची, मग कापड धुवावयाचें. पहिला घाट पाण्यांत पडतांच सुटला! शिवणी एकाच दिशेच्या होत्या. त्या एकमेकींस छेदीत गेल्या तरच जाळें टिकतें. निम्मे धागे गेले. (१८८० च्या दशकांत सेंट गालेनचे कारागीर रेशमावर सुती भरतकाम करून रेशीमच रसायनानें नाहींसें करीत, लेस तेवढी उरे.) दुसऱ्या खेपेस धुणें मुद्दाम अर्धवट ठेविलें, उरलेला चिकटपणा खळीचें काम करितो. प्लास्टिकचा कागद पांघरलेल्या उपड्या वाटीवर जाळें सुकविलें. भगिनींनो, तें उभें राहिलें! त्यांत सध्यां काकूंचें अंगुस्तान आहे.