पाचवे शील आणि खर्ऱ्याची पुडी

व्यसनमुक्तीचा विषय निघाला की आपल्या समाजात बोलणे दारूवर होते. ते योग्यच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारूचा स्पष्ट उल्लेख आहे. पण वाशिम जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांकडे पाहिले तर शाळकरी मुलांच्या हातात आधी दारू येत नाही. आधी येते ती खर्रा, मावा किंवा गुटख्याची पुडी. प्रतिज्ञेत तिचे नाव नाही, म्हणून ती आपल्या नजरेतून सुटते.

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातले १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे कोणते ना कोणते रूप वापरत होते. त्याहून गंभीर आकडा वेगळाच आहे. न ओढता खाल्ल्या जाणाऱ्या तंबाखूच्या आहारी गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी तो वयाची १० वर्षे पूर्ण होण्याआधीच चाखलेला होता. हे सर्वेक्षण शाळेत झाले. शाळा सोडून सोयाबीन काढायला किंवा ऊसतोडीला गेलेली मुले त्यात मोजलीच गेली नाहीत.

दहा वर्षांचे मूल स्वतःहून पानठेल्यावर जात नाही. आपणच त्याच्या हातात पैसे ठेवून सांगतो, "जा रे, एक खर्रा घेऊन ये." पहिली ओळख तिथेच होते. खर्ऱ्यात तंबाखू, सुपारी आणि चुना असतो. यातली नुसती सुपारीही कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. सततच्या सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठर होते, तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट घास सहन होत नाही. पुढे कर्करोग झाला तर उपचारासाठी अकोला, नागपूर किंवा मुंबई गाठावी लागते. ज्या घरात शेत नाही, तिथे या खर्चात मुलांचे शिक्षण आधी थांबते.

कायदा कमी नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, पण दंड आहे फक्त २०० रुपयांपर्यंत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७७ मात्र कडक आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

पाचवे शील केवळ मद्याच्या बाटलीपुरते नाही. मन बेसावध करणाऱ्या, प्रमादाला कारण होणाऱ्या नशेपासून दूर राहणे हा त्याचा अर्थ आहे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी नशेचे जे सहा तोटे सांगितले, त्यात धनहानी आणि रोग दोन्ही आहेत. तेव्हा विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन बाहेर येताच पुडी फोडणारा कार्यकर्ता मुलांना काय शिकवतो, याचा विचार आपणच करायचा आहे.

येत्या वर्षावासात प्रत्येक गावातल्या युवकांनी चार कामे हाती घ्यावीत, असे आम्हाला वाटते. एक, कोणत्याही मुलाला तंबाखू आणायला पाठवायचे नाही, हे वस्तीच्या बैठकीत ठरवावे. दोन, विहार, जयंतीची मिरवणूक आणि समितीच्या बैठका तंबाखूमुक्त कराव्यात, सुरुवात पदाधिकाऱ्यांपासून. तीन, शाळेजवळच्या विक्रीची लेखी तक्रार मुख्याध्यापक, पोलीस ठाणे आणि अन्न व औषध प्रशासन यांच्याकडे देऊन पोच घ्यावी. चार, जो मुलगा अडकला आहे त्याला चारचौघांत लाज आणू नये. निकोटिनची सवय उपदेशाने सुटत नाही. त्याच्यासोबत बसून १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक लावून द्यावा आणि त्याचे तोंड सरकारी रुग्णालयातल्या दंतवैद्याकडून तपासून घ्यावे.

वर्षावास तीन महिन्यांचा असतो. रोज सायंकाळी वंदनेला येणाऱ्या मुलांकडे लक्ष ठेवायला तेवढा काळ पुरेसा आहे.