रोगाचें नांव पुरतें लिहावें

शब्द चुकीच्या वर्गांत शोधला तर तो कोशांत सांपडत नाहीं, हें अमरकोश पाठ केलेल्यांस सांगावयास नको. वैद्यकांतही असा एक कोश आहे. त्यांत प्रत्येक रोगास अक्षर व अंक मिळून एक खूण दिलेली असते. पॅरिसच्या बर्तियों यांनीं १८९३ सालीं मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादींत त्याचें मूळ आहे. अमेरिकेंत १ ऑक्टोबर २०१५ पासून त्याच्या दहाव्या आवृत्तीचा तेथील विस्तार चालतो, व तिकडील कागदांवर खुणा घालण्याचें पुष्कळसें काम आपल्याकडील तरुण मंडळी करितात.

फुप्फुसाचा एक विरळा रोग उदाहरणादाखल घेऊं. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानें १८६८ सालीं त्वचेंतील कांहीं पेशींचें वर्णन केलें. त्या मज्जातंतूंच्या आहेत असें त्यास वाटलें होतें. तशाच पेशी प्रौढांच्या फुप्फुसांत जमून आधीं गांठी व मागाहून पोकळ्या होतात. एखादी पोकळी फुटली म्हणजे छातींत हवा शिरून फुप्फुस आकसतें. रोगी बहुतेक सारे धूम्रपान करणारे असतात, आणि तें सोडणें हाच मुख्य उपाय.

या रोगाची खूण जे ८४.८२, म्हणजे श्वसनरोगांच्या प्रकरणांतली. परंतु डॉक्टरांनीं ‘प्रौढांचा’ व ‘फुप्फुसाचा’ हीं दोन पदें गाळून नुसतें ‘लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस’ लिहिलें, कीं तोच रोगी सी ९६ खालीं, कर्करोगादि अर्बुदांच्या पंक्तीस जाऊन बसतो! विशेषण गळल्यानें विशेष्याचें कुळच बदलावें, असें व्याकरणांत तरी आम्हीं पाहिलें नाहीं. चित्रांत पोकळ्या कितीही स्पष्ट दिसोत, खूण घालणाऱ्यानें त्यांवरून स्वतः निदान करावयाचें नसतें. ‘रोग असावा’ असें लिहिलें तर बाह्यरुग्णाचीं केवळ लक्षणें नोंदतात. दाखल झालेल्याच्या अखेरच्या कागदावर तेंच लिहिलें असलें तर मात्र रोग आहे असें धरतात. हा भेद आम्हांस अद्याप पचलेला नाहीं.

तंबाखूची खूण निराळी द्यावी लागते: व्यसन चालू असल्यास एफ १७, सुटलें असल्यास झेड ८७.८९१. आपल्या घरांतून नेमकी हीच गोष्ट दडविली जाते. डॉक्टर विचारतात, वडील मंडळी शेजारीं उभी असतात, आणि मुलगा “नाहीं” म्हणून मोकळा होतो. मग कागदावर खोकला राहतो, धूर राहत नाहीं. पुढचा डॉक्टर औषध बदलतो, व्यसनाविषयीं विचारीत नाहीं, आणि फुप्फुस मात्र पोखरत राहतें. तेव्हां अशा प्रश्नाच्या वेळीं वडिलांनीं क्षणभर बाहेर जाऊन बसावें; आणि रुग्णालयांतून निघतांना रोगाचें नांव पुरतें आहे ना, व त्याखालीं तंबाखूची ओळ आहे ना, हें घरांतील एकानें तेथेंच वाचून पाहावें.